लाल थर्मास आणि साडेसातशे मीटर थंडी

किलमोरन, मंगळवार, ११ जून

ती. अट्रॅक्टा आत्यास,

डर्व्हलाचा नमस्कार. तुझा खुबा कसा आहे हे पहिल्याच ओळीत विचारते, कारण पत्राच्या तळाशी विचारलं तर तू म्हणतेस, पोरीला शेवटी आठवलं. जिना चढताना कोणता पाय आधी टाकतेस तेही कळव. डॉक्टरांनी चांगला पाय आधी सांगितला होता आणि तू मुद्दाम उलट करत असणार, अशी मला शंका आहे. तुझा लेक एंडा, त्याची बायको आणि त्यांचं ते उबदार घर (तेवीस अंश, मी ईस्टरला भिंतीवर पाहिलं. तेवीस अंशांत माणसं राहत नाहीत, टोमॅटो राहतात) सगळे सुखरूप असावेत. तुमच्या अ‍ॅथलोनला नदी आहे हे मला माहीत आहे. पण देशाच्या बरोबर मध्यावर बसून चारी बाजूंचा समुद्र सारखाच लांब ठेवण्यात तुला काय समाधान मिळतं, ते मला अजून कळलेलं नाही. इकडे बाबांची पाठ ठीक, आईची कोबी गोगलगायींनी खाल्ली, आणि तुझ्या घराच्या खिडक्या मी दर मंगळवारी दोन तास उघडते. मागच्या खोलीतली आर्द्रता अठ्ठ्याहत्तर टक्के भरते. बंद घरात असं होतं. हे फक्त निरीक्षण आहे.

पत्राचं कारण औपचारिक आहे. ईस्टरच्या जेवणाला मी तुला सर्वांसमक्ष विचारलं होतं की खुबा जुळला, डॉक्टर म्हणतात चालण्यापेक्षा पोहणं बरं, मग घरी कधी येतेस? तू बटाटे वाढत होतीस. वाढता वाढता म्हणालीस, "ज्या दिवशी तू त्या शर्यतीच्या पाण्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर येशील, त्या दिवशी मी घरी येईन." सगळे हसले. एंडा सर्वांत मोठ्याने हसला, आणि लगेच म्हणाला की मग जुलैपासून किलमोरनचं घर भाड्याने द्यायला हरकत नाही. मी हसले नाही. तुझं वाक्य मी गाडीत बसल्यावर शब्दशः लिहून घेतलं. किलमोरनची ट्रायथलॉन गेल्या शनिवारी, आठ तारखेला झाली. तिचा हा अहवाल. निकाल तू द्यायचास.

मागच्या वर्षीचं तुला ठाऊक आहेच, पण अहवालाला पूर्वपीठिका लागते. मागच्या जूनमध्ये मी चुलतभावाचा रबरी पोशाख घालून उतरले होते. तो मला दोन मापं मोठा होता, त्यामुळे त्यात मी आणि सुमारे सात लिटर समुद्र असे दोघे पोहत होतो. थंड पाण्यात जितक्या लवकर जाऊ तितका त्रास कमी, असं मी कागदावर सिद्ध केलं होतं, म्हणून धक्क्यावरून डोकं खाली घालून उडी मारली. छाती बंद पडली. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. दुसऱ्या पिवळ्या बोयापाशी माझे हात कुठे आहेत हे मला सांगता येईना, तेव्हा फिंटनकाकांनी बचावाच्या बोटीतून लांब आकडी टाकली, माझ्या पाठीवरच्या चेनच्या दोरीत अडकवली आणि खेकड्यांचा पिंजरा ओढावा तसं मला आत ओढलं. चर्चच्या साप्ताहिक पत्रकात माझा फोटो आला, शेजारी पहिलं बक्षीस मिळवलेला मेंढा. दोन्ही फोटो एकाच आकाराचे होते. तेव्हापासून फिंटनकाका रस्त्यात भेटले की टोपी उचलून विचारतात, काय गं, आज गळाला लागणार का?

तर ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता मी धक्क्यावर गेले, तुझ्यासोबत रोज पोहणाऱ्या बायकांकडे. लपवत नाही, शिकायला म्हणून नव्हे, मोजायला म्हणून गेले. चीजच्या कारखान्यात माझ्या हाताखाली सहाशे तापमापक आहेत आणि त्यांतला एकही माझ्याशी खोटं बोलत नाही. थंडी म्हणजे एका वस्तूतून दुसरीत वाहणारी उष्णता. ती अडवायची, एवढाच प्रश्न, असं माझं मत होतं. आणि सत्तरी ओलांडलेल्या तीन बायका, कन्सेप्टाबाई आणि दोघी मल्क्वीन बहिणी, साध्या सुती पोशाखात, डोक्यावर लोकरीची टोपी घालून, बारा महिने त्या पाण्यात वीस वीस मिनिटं गप्पा मारत राहतात, हे माझ्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. मी लहानपणापासून तुम्हाला पाहत आले. मला तो अर्धा वेडेपणा आणि अर्धा हट्ट वाटायचा. (तुझ्याबाबतीत प्रमाण वेगळं धरलं होतं.)

पहिल्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. धक्क्यावर कपडे बदलायच्या आडोशाच्या भिंतीवर खिळे आहेत. तिसरा मोकळा दिसला म्हणून मी त्यावर टॉवेल अडकवला. कन्सेप्टाबाईंनी तो काढला आणि माझ्या हातात दिला. मल्क्वीन बहिणी, ज्या एकमेकींशी भरती-ओहोटीच्या वेळेखेरीज कशावरही सहमत होत नाहीत, दोघी एकदम समुद्राकडे पाहू लागल्या. मग मला आठवलं की तो तुझा खिळा आहे. एक्केचाळीस वर्षं शेवाळाच्या त्या उतारावर तुझा पाय कधी घसरला नाही, आणि जानेवारीत चर्चच्या पुसलेल्या फरशीवर घसरला. त्याचा राग त्या तिघींनी अजून सोडलेला नाही. कन्सेप्टाबाई रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेला येतात, पण त्या फरशीवरून जाताना मुद्दाम बूट घासत जातात.

मी नऊ आठवडे मोजमाप केलं. पाण्याआधी आणि पाण्यानंतर बोटांचं तापमान, किती मिनिटांनी थरथर सुरू होते, किती मिनिटांनी थांबते. मल्क्वीन बहिणींनी तापमापक पकडायला आधी नकार दिला, मग एकीचा आकडा दुसरीपेक्षा जास्त आल्यावर रोज मागू लागल्या. कन्सेप्टाबाई सत्तेचाळीस वर्षांनी मोठ्या असून माझ्यापेक्षा कमी गार होतात. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण तो मला आवडला नाही. त्यांनी कागद पाहिला, परत केला आणि म्हणाल्या की हे यंत्र चांगलं आहे, मला माहीत आहे तेच सांगतं.

आत्या, मी हे तोंडावर म्हटलं नसतं, पण पत्रात म्हणता येतं: तुमच्याकडे एकही गोष्ट विनाकारण नव्हती. मी एकेक क्रिया वहीत उतरवली आणि प्रत्येकीपुढे कारण लिहीत गेले, तर एकही रकाना रिकामा राहिला नाही. उडी मारायची नाही, चालत जायचं. आधी मनगट, मग मान, मग तोंडावर दोन ओंजळी. कारण पहिल्या दीड मिनिटात शरीर घाबरतं, त्याला आधी कळवावं लागतं. पाणी कमरेला लागलं की मोठ्याने जपमाळ सुरू करायची. मला वाटायचं, ही भक्ती. भक्ती असेलही, पण बोलणाऱ्या माणसाला श्वास सोडावाच लागतो, आणि मागच्या वर्षी मला नेमकं तेवढंच जमलं नव्हतं. अंगठा करंगळीला लावून पाहायचा. लागला नाही तर वाद न घालता बाहेर. बाहेर आल्यावर गरम पाण्याखाली उभं राहायचं नाही, कारण खरी थंडी बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी येते आणि घाईने ऊब दिली की जास्त जोरात येते. कपडे घालण्याच्या उलट क्रमाने रचायचे, म्हणजे टोपी सर्वांत वर, आणि मधोमध गरम पाण्याची रबरी पिशवी, म्हणजे बनियन अंगात जाताना ऊन लागतो. पायाखाली गाडीतली चटई, कारण दगड पायातून ऊब पितो. आणि शेवटी चहा, दोन चमचे साखरेचा, भरपूर दुधाचा, आणि तो दुसऱ्या कुणीतरी ओतून द्यायचा, कारण स्वतःचा हात तेव्हा स्वतःचा नसतो. हे सगळं तुम्ही कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधलंत. मला शिकायला चार वर्षांचं अभियांत्रिकी आणि नऊ आठवडे लागले.

एकच बदल मी केला. मला जपमाळ येत नाही (येते, पण म्हणणार नाही), म्हणून मी तेराचा पाढा म्हणत उतरायला लागले. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. पहिल्यांदा ऐकून कन्सेप्टाबाईंनी माझ्यासाठी एक जादा जप केला.

आता शनिवार. पोशाख या वेळी माझ्या मापाचा होता. पण मापाच्या पोशाखातही पहिलं पाणी बर्फासारखं आत शिरतं, मग अंगाने ते तापवायचं, म्हणजे शर्यतीच्या आधीच अंगातली ऊब खर्च. त्यावर उपाय सोपा आहे: उतरण्याआधी गळ्यातून कोमट पाणी आत ओतायचं. पोशाख आधीच भरलेला असला की समुद्राला आत जागा उरत नाही. यासाठी मी तीन थर्मास चार तास तपासले आणि सर्वांत कमी उष्णता तुझ्या स्वयंपाकघरातल्या जुन्या लाल थर्मासने गमावली. (विचारून घ्यायला हवा होता. विचारायला घरात कोणी नव्हतं.) त्यात सकाळी पाणी भरलं आणि बाहेरून छापील पट्टी चिकटवली: पोशाखात ओतण्याचे पाणी, पिऊ नये. निळ्या थर्मासमध्ये चहा. पावणेसातला दोन्ही आडोशाच्या फळीवर ठेवले आणि सायकल जागेवर लावायला गेले.

धक्क्यावर शंभरेक स्पर्धक होते. शर्यत चालवणाऱ्या मॅलकी मास्तरांनी फळ्यावर पाण्याचं तापमान चौदा लिहिलं होतं. मास्तर बादलीने पाणी वर काढतात, बादली उन्हात ठेवतात, भेटेल त्याच्याशी दहा मिनिटं बोलतात आणि मग तापमापक घालतात. मी थेट समुद्रात मोजलं: बारा पूर्णांक चार. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की डर्व्हला, चौदा वाचून लोकांना जी ऊब मिळते ती तुझ्या बारामध्ये नाही. ते तीस वर्षं शाळेत होते, त्यामुळे मी वाद घातला नाही. शिवाय विचार केला तर बरोबर आहे. त्यानंतर पाद्रीबाबांनी सर्वांवर पवित्र पाणी शिंपडलं. ते समुद्रापेक्षा गार होतं.

आठ वाजून पाच मिनिटांनी मी लाल थर्मास उघडला आणि आत तापमापक घातला. एक्केचाळीस अंश. माझ्या हिशोबाने चव्वेचाळीस यायला हवे होते. हे तीन अंश कुठे गेले, याचं कारण मी थर्मासच्या जुन्या बुचाला चिकटवलं आणि मनातल्या मनात नोंद केली. आत्या, मी तापमान पाहिलं. रंग पाहिला नाही. थर्मास आतून अंधारा असतो, पोशाख काळा असतो, आणि मास्तर भोंग्यातून एक मिनिट राहिल्याचं ओरडत होते. मी गळा ताणला आणि अख्खा थर्मास आत रिकामा केला. ऊब मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटावर, तिथून गुडघ्यांपर्यंत अगदी हिशोबाप्रमाणे उतरली. मग वास आला. मग बोटं एकमेकांना चिकटली. दूध, दोन चमचे साखर, आणि कडक.

(खुलासा नंतर मिळाला तो इथेच देते. कन्सेप्टाबाई सातला आडोशात आल्या. तुझा लाल थर्मास दिसला. उघडून पाहिला तर आत नुसतं गरम पाणी. पोरगी घाईत चहा घालायला विसरली, असं समजून त्यांनी थोडं पाणी ओतून दिलं आणि आपल्या किटलीतला आटलेला कडक चहा, गार दूध आणि साखर तुझ्या नेहमीच्या प्रमाणात त्यात घालून नीट हलवलं. तीन अंश त्या दुधाने खाल्ले. मी म्हटलं, पट्टी वाचली नाहीत? पस्तीस वर्षं पोस्टात लोकांचे पत्ते वाचलेल्या बाईने मला सांगितलं, "अट्रॅक्टाच्या थर्मासवर काय वाचायचं? त्यात चहा असतो.")

परत काढायला वेळ नव्हता. मी उतारावरून चालत गेले. मनगट, मान, दोन ओंजळी. तेरा एके तेरा. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला श्वास सुटला, आणि मी पोहायला लागले. तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर चहा पाण्याइतकाच चांगला आहे. पहिले दोनशे मीटर मला थंडी अशी लागलीच नाही. हे माझ्या आयुष्यात त्या समुद्रात पहिल्यांदा घडलं, आणि क्षणभर मला तुमचं ते रोजचं हसणं कळल्यासारखं वाटलं. पहिल्या बोयाला वळसा घातला. तीनशेनंतर बोटं फाकायला लागली, काट्याच्या चमच्यासारखी. पाणी पकडलं जाईना. साडेचारशेला दुसरा बोया, तोच, आणि त्याच्याशेजारी तीच बोट, आणि बोटीत आकडी बिशपच्या दंडासारखी उभी धरून फिंटनकाका.

त्यांनी विचारलं की काय गं, घेऊ का आत? मी नको म्हणणार होते. पण पाढा चालू होता, जबडा आखडला होता, आणि तोंडातून बाहेर आलं ते, तेरा नव्वे एकशे सतरा. फिंटनकाकांचं हसणं गेलं. गारठलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला की त्याला विचारायचं नाही, उचलायचं, हा त्यांचा नियम आहे आणि नियम बरोबर आहे. त्या नियमाने त्यांनी आजवर सहा माणसं वाचवली आहेत, मला धरून. आकडी खाली आली. मी वल्ह्याला धरलं (धरता येतं, पुढे सरकायचं नाही, शर्यतीच्या नियमांतलं कलम चौदा) आणि अंगठा करंगळीला लावून दाखवला. उजवा पहिल्या प्रयत्नात, डावा दुसऱ्या. ते बघतच नव्हते. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. तिथून तपकिरी पाणी झिरपत होतं.

"हे काय गळतंय तुझ्यातून?"

"चहा," मी म्हटलं.

हे खरं उत्तर होतं, आणि त्याने माझी केस संपली. आकडी दोरीत अडकली. आत्या, त्या क्षणी मला थंडीपेक्षा एंडाचं हसणं जास्त स्पष्ट ऐकू येत होतं. मी सांगू लागले की आज शनिवार आहे, आठ तारीख, आठ वाजून एकवीस मिनिटं झालीत, फिंटनकाका, तुमच्या इंजिनाचा डावा बोल्ट सैल आहे, आणि माझ्या पोशाखात खरंच चहा आहे. शेवटच्या वाक्याने आधीच्या सगळ्यांवर पाणी फिरत होतं. तरी मी ते वाक्य सोडायला तयार नव्हते, कारण ते अचूक होतं. त्यांनी दोरी ओढायला घेतली, मग थांबले. खाली वाकले, एक बोट माझ्या मानेला लावलं आणि चाटलं. पन्नास वर्षं त्या धक्क्यावर असलेल्या माणसाला ती चव कोणाची, हे सांगावं लागत नाही.

"खारट झालाय," ते म्हणाले, "पण अट्रॅक्टाचा आहे. जा."

त्यांनी आकडी काढून घेतली. मी गेले. थांबा एकूण चाळीस सेकंदांचा. मास्तरांनी तो नोंदला आहे.

उरलेल्या तीनशे मीटरांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मोजायला कोणी नव्हतं. पाढा तेरावर संपवून चौदावर गेले, आणि चौदाचा मला नीट येत नाही, त्यामुळे मन गुंतून राहिलं. उताराजवळ मान वर केली तर कन्सेप्टाबाई आणि मल्क्वीन बहिणी गुडघाभर पाण्यात एका ओळीत उभ्या, तिघींचेही हात पाठीमागे बांधलेले, मिस्सातल्या मुलींसारखे. मागून कोणीतरी स्वयंसेवक मला धरायला धावला, तेव्हा कन्सेप्टाबाई मागे न बघता म्हणाल्या, "तिला कोणी हात लावायचा नाही. हिच्या आत्याने अट घातलीय." तुझी अट गावात कोणी सांगितली, हे मला माहीत नाही. मी नाही. तो स्वयंसेवक थांबला. मास्तरांनी भोंगा खाली ठेवला. शेवाळाच्या कडेपासून वरच्या खडूच्या रेषेपर्यंत मी चालत आले: एकोणीस पावलं, स्वतःच्या पायांनी. मग कोणीतरी म्हणालं, झाली, आणि सहा हात एकदम माझ्यावर पडले. टोपी आधी. पायाखाली चटई. ऊन बनियन. निळ्या थर्मासमधला चहा मल्क्वीनपैकी धाकटीने माझ्या तोंडाला लावला. थोरली म्हणाली की तो पिचकवणी आहे. धाकटी म्हणाली, आहेच. माझ्या नोंदीत दोघींचं मत जुळल्याची ही पहिलीच वेळ.

अकरा मिनिटं तिथे बसले, मग सायकल. वाळलेली साखर आणि जूनचं ऊन यांचा परिणाम मी आधी धरला नव्हता. पहिल्या चढापासून मधमाश्या होत्या, आणि हॉगनच्या शेतापासून त्यांचा कुत्रा, जो तीन किलोमीटर माझी डावी पोटरी चाटत धावला. त्याचा वेग चांगला होता. धावण्याच्या भागाबद्दल एवढंच की तो संपला. शेवटून दुसरी आले. शेवटचा आला तो पाद्रीबाबांचा भाऊ. त्याला वाटेत कुणीतरी जेवायला थांबवलं होतं.

तर असा वृत्तांत. माझ्या बाजूने सगळे आकडे दिले आहेत. मोठ्यांना नमस्कार, एंडाच्या मुलींना गोड पापा. एंडाला वेगळा निरोप नको, त्याला मी निराळं पत्र टाकलं आहे. त्यात दोनच शब्द आहेत: पहिला 'थांब', दुसरा 'कृपया'. तुझ्या तब्येतीला जप, आणि जिन्यावर चांगला पाय आधी.

तुझी,
डर्व्हला

ता. क. पोशाख चार वेळा धुतला. दूध शिवणींमध्ये बसलं आहे आणि आता नासलं आहे. आईने तो गोठ्यात टांगायला लावला. गोठ्यातून गाय बाहेर आली. व्हिनेगर की सोडा, ते कळव. माझ्या मते सोडा, पण अलीकडे माझ्या मतावर मी थोडी कमी विसंबते.

ता. क. २. चर्चच्या पत्रकातला फोटो सोबत जोडला आहे. कोणीतरी धक्क्यावरून मोठ्या भिंगाने काढला. फिंटनकाका बोटीतून माझ्या मानेवर वाकलेले दिसतात. कारण खाली छापलेलं नाही. त्यांच्या बायकोने दोन दिवस त्यांना गार जेवण वाढलं. मी जाऊन सगळं समजावून सांगितलं; तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की अट्रॅक्टा येऊन सांगेल तर मानीन. या वर्षी शेजारी मेंढा नाही.

ता. क. ३. अहवाल अपुरा ठेवणं मला जमत नाही. एकोणीस पावलं खरी आहेत, पण ती शेवाळाच्या कडेपासून मोजली आहेत. त्याआधी, पाण्यातून शेवाळापर्यंत, पाय मला धरेनात, आणि साधारण चार पावलांचं अंतर मी हातापायांवर आले. तिघींनीही ते पाहिलं आणि तिघीही म्हणतात की पाहिलं नाही. 'स्वतःच्या पायांनी' या शब्दांचा काटेकोर अर्थ घेतला तर मी हरले. तुला आक्षेप घ्यायचा पूर्ण अधिकार आहे. मात्र मास्तरांच्या पत्रकातलं कलम नऊ सांगतं की आक्षेप लेखी चालत नाही. आक्षेप घेणाऱ्याने स्वतः धक्क्यावर हजर राहावं. शुक्रवारची बस तुझ्याकडून दोन वाजून दहा मिनिटांनी निघते. शनिवारी भरती सकाळी सात पन्नासला आहे. पाणी बारा पूर्णांक नऊ, मी आजच मोजलं. मास्तर पंधरा सांगतील.

ता. क. ४. आज सकाळी मी तुझ्या खिळ्यावर मुद्दाम माझी टोपी अडकवली. कन्सेप्टाबाईंनी ती काढून मला दिली. लाल थर्मास घासून फळीवर ठेवला आहे. वरची पट्टी मी काढून टाकली.